स्टॅनफर्ड, शिकागो, बर्कली की अ‍ॅरिझोना? फेडरल अपील न्यायालयाचं स्वप्न असेल तर

अमेरिकेत वाढलेल्या ज्या मराठी मुलामुलींना फेडरल अपील न्यायालयापर्यंत पोचायचंय, त्यांनी लॉ स्कूलच्या क्रमवाऱ्या चाळण्याआधी एक गोष्ट ठरवावी: वॉशिंग्टन गाठायचं, की आपल्या राज्यातच राहायचं? ही न्यायालयं जिल्हा न्यायालयांच्या वर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या खाली येतात, त्यातल्या प्रत्येकाला 'सर्किट' म्हणतात. सगळ्यांत मिळून जागा 179, आणि नेमणूक तहहयात. तिथवर पोचलेल्या भारतीय वंशाच्या चौघांच्या वाटा शेजारी शेजारी ठेवल्या, की निवड बरीच सोपी होते.

श्री श्रीनिवासन यांचा जन्म चंदीगडचा, बालपण कॅन्ससमधलं. त्यांनी 1995 मध्ये स्टॅनफर्डमधून कायदा आणि एमबीए एकत्र केलं. निओमी राव यांची कायद्याची पदवी शिकागोची, 1999 ची. दोघांनीही आधी हार्वी विल्किन्सन या एकाच अपील न्यायाधीशांकडे क्लार्क म्हणून (म्हणजे न्यायाधीशांचा कायदेविषयक मदतनीस म्हणून) काम केलं, मग सर्वोच्च न्यायालयात: ते सँड्रा डे ओ'कॉनर यांच्याकडे, त्या क्लॅरेन्स थॉमस यांच्याकडे. पुढे दोघेही डी. सी. सर्किटवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयावर गेले, 2013 आणि 2019 मध्ये. वॉशिंग्टनच हवं असेल तर या दोन संस्थांसाठी कर्ज काढणं मला पटतं. वर्ग लहान असतात, प्राध्यापक नावानिशी ओळखतात, आणि क्लार्कशिप मिळते ती बरीचशी त्यांच्या शिफारसपत्रावर. कायद्याकडे बघण्याची तुमची दृष्टी परंपरावादी असेल तर शिकागो जास्त मानवेल. फेडरॅलिस्ट सोसायटी ही परंपरावादी कायदेतज्ज्ञांची संघटना 1982 मध्ये उभी राहिली ती येल आणि शिकागोच्या विद्यार्थ्यांमुळे.

अमूल थापर यांची कायद्याची पदवी बर्कलीची, 1994 ची. क्लार्कशिप ओहायोत केली, पुढे केंटकीत सरकारी वकील आणि जिल्हा न्यायाधीश झाले, 2017 मध्ये सहाव्या सर्किटवर गेले. कॅलिफोर्नियाची पदवी त्यांना कुठे आड आली नाही. मात्र बर्कली सार्वजनिक आहे म्हणून स्वस्त असेल असं धरून चालू नका, लॉ स्कूलची फी खासगीच्या जवळ जाते.

मला सगळ्यात जास्त शिकवून जातात त्या रूपाली देसाई. पदव्या सगळ्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या, कायद्याची 2005 ची. क्लार्कशिप नवव्या सर्किटच्या मेरी श्रोडर यांच्याकडे. श्रोडर यांचं कार्यालय त्याच राज्यातल्या फीनिक्समध्ये. नंतर त्याच शहरात अनेक वर्षं वकिली केली, आणि 2022 मध्ये नवव्या सर्किटवर नेमणूक झाली. यामागे कायद्याचंही बळ आहे: डी. सी. आणि फेडरल सर्किट (पेटंटसारख्या खास विषयांचं अपील न्यायालय) सोडले तर नेमणुकीच्या वेळी न्यायाधीश त्या सर्किटचा रहिवासी असावा लागतो, आणि प्रत्येक राज्यातून किमान एक न्यायाधीश असावा लागतो. त्यामुळे छोट्या राज्यातल्या नावाजलेल्या वकिलाला खरी संधी असते. राज्याच्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली असेल आणि तिथेच घर करायचं असेल, तर मी बिनदिक्कत तेच घ्या म्हणेन. फक्त प्रवेशाआधी विचारा, गेल्या काही वर्षांत इथले किती विद्यार्थी फेडरल न्यायाधीशांकडे क्लार्क झाले आणि कोणाकडे. उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचार करा.

पुण्या-मुंबईहून एलएलएमला येणाऱ्यांनी मात्र या हिशेबावर जाऊ नये. फेडरल न्यायालयांतल्या पगारी क्लार्कशिपला नागरिकत्वाच्या अटी आहेत.