व्हेप की ई-सिगारेट, वाफ की फवारा: मराठीत लिहिताना कोणता शब्द घ्याल?

इंग्लंडला लेकीकडे गेलेल्या माझ्या मावशीने मध्यंतरी एका कागदाचा फोटो पाठवला. नातवाच्या शाळेतून आलेलं पत्रक होतं, व्हेपबद्दल, म्हणजे द्रव तापवून ओढायच्या ई-सिगारेटबद्दल. "जरा मराठीत सांग रे, काय लिहिलंय." मी घाईघाईत लिहून पाठवलं: मुलं हल्ली एका यंत्रातून फळांच्या वासाची वाफ घेतात, लक्ष असू द्या. लगेच तिचा फोन. "वाफ घेतात तर बरंच आहे की! इथल्या थंडीत नाक तरी मोकळं राहील."

चूक तिची नव्हती. वाफ घेणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते गरम पाण्याचं पातेलं, निलगिरीचे दोन थेंब आणि डोक्यावरून घेतलेला टॉवेल. निकोटिनच्या वस्तूला मी घरगुती औषधाचं नाव देऊन बसलो होतो. तुम्हाला या विषयावर मराठीत पत्रक, बातमी किंवा सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी लिहायच्या असतील, तर शब्द आधी पारखून घ्या.

सगळ्यात जास्त विचार करावा लागतो तो बाहेर पडणाऱ्या पांढऱ्या लोटाचा. आपल्याकडे कोणीही त्याला धूरच म्हणेल. ब्रिटन-अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या जुन्या हौशी लोकांना मात्र हा शब्द अजिबात खपत नाही, आणि त्यांचा मुद्दा रास्त आहे: यात काही जळत नाही, आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, तापते आणि द्रव उडतो. म्हणून ते व्हेपर, म्हणजे वाफ म्हणतात. संशोधकांना तेही मान्य नाही. वाफ हा वायू. इथे द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत असतात, म्हणून ते एरोसोल म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने संशोधक बरोबर आहेत. पण मराठी वाचकाला एरोसोल म्हणजे काय ते कळायला आणखी एक वाक्य लागतं. माझी निवड: पहिल्यांदा 'निकोटिन मिसळलेल्या द्रवाचा बारीक फवारा' असं लिहावं, पुढे नुसतं फवारा. शेतावर फवारणी करणाऱ्या घरात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि तो छातीत घ्यायची वस्तू नाही हेही कळतं. धूर चालवून घेता येईल. वाफ मात्र नको.

यंत्राचं नाव काय लिहायचं, हे तुम्ही कोणासाठी लिहिता त्यावर आहे. चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी आजच्या धर्तीचं उपकरण 2003 च्या सुमारास बनवलं, आणि ते ई-सिगारेट म्हणूनच जगभर गेलं. 'व्हेपिंग' हा शब्द तर उपकरण बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, 1983 मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकातल्या लेखात आला होता. 2014 मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने 'व्हेप' हा वर्षाचा शब्द ठरवला. हौशी लोकांना तो आवडायचं कारण उघड आहे, त्यात सिगारेटचं नाव नाही. सिगारेट सोडायला म्हणून याकडे वळलेल्या माणसाला तेच नाव पुन्हा कपाळी नको असतं. पुढे ब्रिटनमध्ये व्हेप म्हणजे मुलांच्या हातातली रंगीत, वापरून फेकायची कांडी असाच अर्थ रूढ झाला, आणि स्वतः कॉइल गुंडाळणारे जुने लोक त्यावर चिडू लागले. त्या वापरून फेकायच्या व्हेपची विक्री तिथे 1 जून 2025 पासून बंद आहे. शब्द मात्र राहिला.

भारतातल्या वाचकासाठी लिहीत असाल तर मी ई-सिगारेटच लिहीन. 2019 च्या बंदी कायद्यात हाच शब्द आहे, आणि त्याखाली ई-हुक्कासुद्धा येतो. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुकानदार 'हे फक्त व्हेप आहे हो' म्हणाला तरी कायद्याला फरक पडत नाही, हे वाचकाला कळायला हवं. परदेशातल्या मराठी पालकांसाठी मात्र व्हेप, कारण मुलांच्या तोंडून त्यांना तोच शब्द ऐकू येणार.

ज्यूस की लिक्विड? इथे मी ठाम आहे. हौशी मंडळी बाटलीतल्या द्रवाला प्रेमाने ज्यूस म्हणतात, दुकानं ई-लिक्विड. 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) काही कंपन्यांना नोटिसा दिल्या, कारण त्यांच्या बाटल्या मुलांच्या ज्यूसच्या खोक्यांसारख्या आणि गोळ्या-बिस्किटांसारख्या दिसत होत्या. निकोटिनचा द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर विषबाधा होते. ज्या भाषेत ज्यूस म्हणजे मोसंबीचा ग्लास, तिथे हा शब्द लिहूच नये. 'निकोटिनचा द्रव' लिहा, लांब झालं तरी चालेल.

बाकीचे वाद तुमच्या कामाचे नाहीत. मॉड म्हणजे मूळात टॉर्चचं नळकांडं वगैरे वापरून हाताने बदल केलेलं यंत्र. आता कारखान्यातून आलेल्या डब्यालाही मॉड म्हणतात. साध्या सिगारेटला अ‍ॅनालॉग म्हणायची पद्धत होती, ती मराठीत आणण्यात काही अर्थ नाही.

क्रियापदाला मात्र जपा. 'व्हेप करणं' तरुणांचं, 'व्हेप घेणं' पुन्हा औषधाकडे झुकणारं. सिगारेट ओढतात, विडी ओढतात, तसं व्हेपही ओढतात असंच लिहावं.

मावशीला मी दुसऱ्यांदा लिहिलं: 'मुलं पेनासारख्या रंगीत कांडीतून निकोटिनचा फवारा ओढतात, त्याला फळांचा वास येतो.' या वेळी फोन आला नाही, मेसेज आला. "ती कांडी दिसते कशी, फोटो पाठव. दप्तर मीच आवरते त्याचं."