उद्यमनगरातलं ब्रेकचं गॅरेज: नवे पॅड-डिस्क टाकूनही गाडी थरथरत असेल तर इथे न्या

कोल्हापुरात गाडीची कामं करणारी गॅरेज गल्लोगल्ली आहेत, पण डायल (केसाहून बारीक फरकही काट्यावर दाखवणारं माप) लावून डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, तपासणारं गॅरेज मला शिवाजी उद्यमनगरात सापडलं. मी एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. रोज मायक्रोमीटर आणि डायल हातात असतात, त्यामुळे माप न घेता 'पार्ट खराब आहे' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. या गॅरेजबद्दल सविस्तर लिहितेय ते एवढ्यासाठी, की ब्रेकचं काम झाल्यावर येणारा आवाज आणि थरथर यांवर लोक विनाकारण दोनदा-तीनदा पैसे घालतात.

माझी जुनी स्विफ्ट आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पुढचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या) आणि दोन्ही डिस्क दुसऱ्या एका गॅरेजात नवीन टाकून घेतल्या होत्या. गाडी हातात आल्यापासून हळू वेगात ब्रेक लावला की किंचाळल्यासारखा बारीक आवाज यायचा. "नवीन पॅड आहेत, बसतील," असं उत्तर मिळालं. पॅड बसले, आवाज राहिला. दोनेक हजार किलोमीटर झाले आणि महामार्गावर ताशी ८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. माझं माहेर देवरुखकडे, म्हणजे आंबा घाट नेहमीचाच. घाट उतरताना ही थरथर आणखी वाढायची. परत त्याच गॅरेजात गेले तर सांगितलं, डिस्क डुप्लिकेट निघाल्या, नवा सेट टाकू. तिथून मी गाडी बाहेर काढली.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही की चाकाला हात लावला नाही. आधी विचारलं, "ताई, ब्रेक दाबल्यावरच थरथरतंय, का नुसती पळताना बी?" हाच प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. ब्रेक न लावताही एका ठरावीक वेगाला गाडी हलत असेल तर शंका चाकाच्या बॅलन्सिंगवर, टायरवर किंवा बेअरिंगवर जाते, ब्रेकवर नाही. मग मला शेजारी बसवून ते स्वतः गाडी घेऊन निघाले. मोकळ्या सरळ रस्त्यावर पायाचा ब्रेक न लावता, बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हळू ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर लागतो, म्हणून मागचं काही बिघडलं असेल तर ते तेव्हाच कळतं. काही जाणवलं नाही. पायाचा ब्रेक लावला तशी थरथर स्टिअरिंगमध्ये आली. "पुढचंच हाय," ते म्हणाले आणि गाडी वळवली. (रहदारीत हे करू नका, माहितगार माणूस असल्याशिवाय तर नकोच.)

खरं काम यानंतरचं, आणि माझ्या मते या गॅरेजची किंमत त्यातच आहे. चाक काढल्यावर डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, नुसती टेकलेली असते. ती तशीच मोजली तर माप खोटं येतं. त्यांनी वॉशर घालून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, डिस्क पक्की बसवली, मॅग्नेटचा स्टँड लावला आणि डायलचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिमी आत टेकवलं. हाताने सावकाश एक फेरी. काटा ०.११ मिमीपर्यंत सरकला, म्हणजे डिस्क फिरताना तेवढी आतबाहेर होत होती. छोट्या गाड्यांना ०.०५ च्या आसपास चालतं, ०.१० च्या वर गेलं की पुढे त्रास ठरलेला. सगळ्यात उंच जागेवर त्यांनी खडूने खूण केली.

मग डिस्क उतरवली. हबच्या तोंडावर, खुणेच्या बरोबर मागे, गंजाचा पापुद्रा तसाच होता. नवीन डिस्क जुन्या गंजावरच चढवली होती. हबवर नखभर जागेत ०.०५ चा थर राहिला तरी डिस्क हबपेक्षा बरीच मोठी असल्यामुळे तिच्या कडेला तो फरक जवळपास दुप्पट होतो. वायर ब्रश आणि एमरी पेपरने हब चकाचक केला आणि नुसत्या हबलाही डायल लावला. ०.०२. म्हणजे हब आणि बेअरिंग दोन्ही ठीक. डिस्कची मागची बाजू साफ करून परत बसवली तर ०.०४. "पार्ट वाईट न्हाई, घाण काढली न्हाई त्यांनी," मिस्त्री म्हणाले.

पहिल्या दिवशी थरथर का नव्हती, हेही इथेच उलगडलं. डिस्क किंचित तिरकी फिरते तेव्हा ब्रेक लावलेला नसतानाही उंच जागा प्रत्येक फेरीत पॅडला घासून जाते. ताशी ८० ला चाक सेकंदाला साधारण १२ फेऱ्या मारतं, तेव्हा हजारो किलोमीटरमध्ये ही घासाघास किती होत असेल विचार करा. तेवढीच जागा झिजते आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. ब्रेक दाबला की पॅड जाड-पातळ, जाड-पातळ अशा पट्ट्यावरून जातो आणि तो धक्का स्टिअरिंगपर्यंत येतो. लोक याला 'डिस्क वाकली' म्हणतात, पण डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसतेच. मायक्रोमीटरने गोल फिरून आठ जागी जाडी मोजली तर एका डिस्कवर २० मायक्रॉनहून (०.०२ मिमी) जास्त फरक मिळाला. एवढा फरक पायाला आणि हाताला कळतो, हे मी आता स्वतः मापून पाहिलंय.

म्हणून नुसता गंज काढून भागणार नव्हतं. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा बराच माल शिल्लक होता, तेव्हा शेजारच्या लेथवर हलका फेस मारायचं, म्हणजे डिस्कचं तोंड थोडं कातून सपाट करायचं ठरलं. दोन्ही तोंडं एकाच सेटिंगमध्ये, मधे डिस्क न सोडता मारा, असं मी सांगणार तोच लेथवाल्याने तसंच सेटिंग लावलेलं दिसलं. मला फार बरं वाटलं. बीड (ओतीव लोखंड) ओतणारी आणि मशीनिंग करणारी माणसं ज्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या काम करतात, तिथे हे सांगावं लागत नाही.

आवाजाचं कारण वेगळं होतं. पॅडच्या पाठीमागची शिम (पातळ पत्रा) एका बाजूला लावलीच नव्हती, पॅड धरणाऱ्या ब्रॅकेटमधल्या क्लिपा जुन्या, गंजलेल्या तशाच ठेवल्या होत्या आणि डाव्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यावर तो सरकतो ती खालची पिन कोरडी पडून अडकत होती. त्या बाजूचे आतला आणि बाहेरचा पॅड कमीजास्त झिजलेले दिसले, पिन अडकल्याची हीच खूण. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस रबरी बूट फुगवतं, म्हणून ते इथे वापरत नाहीत. क्लिपा नवीन घातल्या, पॅड एमरीवर घासून तेच ठेवले. नवे पॅड माथी मारायची सोपी संधी होती, ती त्यांनी घेतली नाही.

चाकाचे नट हवेच्या गनने न मारता टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), समोरासमोरच्या क्रमाने आवळले. नट कमीजास्त आवळले तरी डिस्क हबवर तिरकी बसू शकते. मग पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मला महामार्गावर नेऊन ताशी ६० वरून २० पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, दहाएक वेळा ब्रेक लावायला लावले, मध्ये थंड व्हायला वेळ देत. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका, पॅडचा माल एकाच जागी डिस्कला चिकटतो, हेही बजावलं.

बिल लेथच्या मजुरीसह दोन हजारांच्या आत आलं. दुसरीकडे नव्या सेटचाच आकडा याच्या दुपटीहून जास्त सांगितला होता, आणि तो सेटही त्याच गंजावर बसला असता. त्यानंतर आंबा घाट भर पावसात उतरले. स्टिअरिंग स्थिर, आवाज नाही.

उणं सांगायचं तर वेळ जातो. लेथवाल्याकडे नंबर असला तर दिवस मोडतो. बसायला धड जागा नाही, गाडी रस्त्यावरच उभी करावी लागते आणि पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मापांचे आकडे बिलावर लिहून द्यावेत, अशी विनंती मी केली. त्यांनी ते तिथल्या तिथे मागच्या बाजूला लिहून दिले. तुम्हीही मागून घ्या. घाईत एका तासात गाडी हवी असेल तर इथे जाऊ नका. जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि गाडी जाऊन थोडी थांबू द्या, कारण डिस्क गरम असताना ते डायल लावत नाहीत.