२,४०० पौंडांची मायसेनची जोडी १८० पौंडांच्या लॉटमध्ये: लिलावघरानं केलेली फसवणूक

इंग्लंडमधल्या लिलावघरात विकायला दिलेल्या आमच्या घरच्या पोर्सिलेनवर (उंची चिनीमातीवर) एकूण बोली ३,९४० पौंड. खात्यात जमा झाले २,५४३ पौंड ९० पेन्स. त्यातल्या एका लॉटमध्ये, म्हणजे एकाच बोलीत विकायच्या गटात, सात पुतळे एकत्र कोंबले होते, तो लॉट गेला १८० पौंडांना. त्या सातांतले दोन, टोपली घेतलेला माळी आणि त्याची माळीण, सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या शहरातल्या लिलावात ‘मायसेन, सुमारे १७५०’ या मथळ्याखाली उभे होते. मायसेन म्हणजे जर्मनीतल्या सॅक्सनीचा जुना, नावाजलेला पोर्सिलेन कारखाना. बोली २,४०० पौंड. फक्त त्या दोघांची.

संग्रह मावशीच्या यजमानांचा. काका इंग्लंडमध्ये डॉक्टर होते आणि १९७० च्या दशकापासून युरोपियन पोर्सिलेन जमवत आले होते. ४६ वस्तू, प्रत्येकीचं एक कार्ड, कार्डावर खुणेचा फोटो, घेतल्याची तारीख आणि किंमत. ही सगळी कार्डं वस्तूंबरोबर लिलावघराच्या हातात दिली होती. त्यामुळे ‘माहिती नसली की असंच होतं’ असं कुणी म्हणालं की डोकं फिरतं. माहिती होती आणि ती त्यांना मिळालीही होती. तिचा फायदा मात्र भलत्याच माणसाला झाला.

मुद्दाम पाडलेला किमतीचा अंदाज, पाडलेलं वर्णन, आणि माल स्वस्तात उचलणारं आधीच ठरलेलं गिऱ्हाईक. ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यावर शब्द खर्च करत नाही. ती नेमकी कुठं बसवतात ते लिहितो.

सुरुवात पावतीपासून होते. वस्तू न्यायला आलेल्या माणसानं कार्बनच्या पुस्तकात लिहिलं: ‘तीन पेट्या, मिश्र चिनीमाती.’ ४६ वस्तूंना चार शब्द. विचारलं तर म्हणाला, एकेक वस्तू सिस्टीममध्ये नंतर चढते, सविस्तर यादी मेलवर येईल. जी आली ती लॉटची यादी होती, वस्तूंची नव्हे. ओळखायची वेळ होती ती हीच, दारात, व्हॅन चालू असताना. पेट्या तिथंच खाली उतरवून घ्यायला हव्या होत्या, हे आता रोज डोक्यात येतं. पण घरून सामान उचलताना ढोबळ पावती देण्याची पद्धत प्रामाणिक लिलावघरांतही आहे. फरक एवढाच, की ती आठवड्याभरात वस्तूवार पावती पाठवतात. माणसं सभ्य, पाटी जुनी, बोलणं जाणकाराचं. संशय घ्यायचा तरी कशावरून? पुढं जे जे झालं ते याच चार शब्दांवर उभं राहिलं, कारण आपण काय दिलं याचा त्यांच्या सहीचा कागदच आपल्याकडे उरत नाही.

वस्तूवार पावती हातात येईपर्यंत पेटी घराबाहेर जाऊ देऊ नका. उशीर झाला तर होऊ दे.

आता कॅटलॉगबद्दल. इंग्लंडमधल्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक शब्द मोजून असतो. नुसतं ‘मायसेन’ लिहिलं तर लिलावघर त्या नावाची जबाबदारी घेतं. ‘मायसेन शैली’ म्हणजे नंतरची नक्कल. ‘तलवारींची खूण असलेले’ म्हणजे मायसेनची तलवारींची खूण आहे एवढंच आम्ही सांगतो, ती खरी की खोटी ते तुमचं तुम्ही बघा. आणि ‘कॉन्टिनेंटल पोर्सिलेन पुतळे, सात’ म्हणजे काहीच नाही. आमच्या लॉटवर शेवटचं वर्णन होतं. जगभरचे संग्राहक आणि व्यापारी ऑनलाइन कॅटलॉगवर नावाचे अलर्ट लावून बसलेले असतात. वर्णनात ‘मायसेन’ हा शब्दच नसेल तर एकाचाही अलर्ट वाजत नाही. माल सभागृहात सगळ्यांसमोर मांडलेला असतो आणि तरी तो कुणाला दिसत नाही. ज्याला आधीच सांगून ठेवलंय त्यालाच तो दिसतो.

फोटो एकच. सात पुतळे समोरून, जरा दुरून. तळाचा एकही नाही. मायसेनच्या वस्तूचा तळ न दाखवणं हे अज्ञान असूच शकत नाही. कारखाना १७१० चा, निळ्या, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण १७२० च्या दशकापासूनची, आणि ती निळाई झिलईच्या खाली असते, नखानं निघत नाही. १७५० च्या आसपासच्या पुतळ्यांवर ती अगदी बारीक, बहुधा बैठकीच्या मागच्या कडेला किंवा बिनझिलईच्या तळाला असते. खोदलेला मॉडेल नंबर ही बहुतेक नंतरच्या काळाची सवय. आमच्या जोडीला नंबर नव्हता, बैठकीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या तलवारी होत्या, आणि कार्डावर त्यांचा फोटो चिकटवलेला होता. उलट खोट्या तलवारी शोधायच्या तर त्याही ढिगानं सापडतात: पॅरिसच्या सॅमसननं एकोणिसाव्या शतकात नकलांचा कारखानाच चालवला, ड्रेस्डेनमधल्या कारागिरांनी तर सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाच्या खुणेचीही नक्कल केली. म्हणून जाणकार माणूस आधी तळ पाहतो, मग चेहरा. तळ पाहिला नाही असं लिलावघर म्हणत असेल तर ते खोटं बोलतंय, आणि पाहिला असेल तर त्यांनी दडवलं.

तलवारींवर आडवे ओरखडे असतील तर तो कारखान्यानंच कमअस्सल ठरवलेला किंवा रंगवण्याआधी विकलेला माल असतो. विकायला काढण्याआधी हे स्वतः तपासा.

तीच गत सेव्ह्रच्या, म्हणजे फ्रान्समधल्या पोर्सिलेन कारखान्याच्या, कपबशीची. एकमेकांत गुंफलेले दोन ‘एल’ आणि मध्ये ‘के’ हे अक्षर, म्हणजे साधारण १७६३. कोऱ्या मालावर नंतर रंग चढवून पुन्हा भाजलं की झिलईत काळे ठिपके उठतात. आमच्या बशीवर भिंगाखालीही तसा ठिपका नव्हता, आणि रंग झिलईत मुरलेला होता, वर बसलेला नव्हता. कॅटलॉगमध्ये आलं ‘सेव्ह्र शैलीची कपबशी’. गेली ९५ पौंडांना. तीही पुढं एका व्यापाऱ्याच्या साइटवर ८५० ला दिसली, ‘शैली’ हा शब्द गळून.

विक्री कुठली निवडली तेही बघा. सिरॅमिक्सची स्वतंत्र विक्री वर्षातून मोजक्या वेळा होते, तिला परदेशातून बोली येते. आमचे नऊ लॉट घातले घरगुती सामानाच्या साप्ताहिक विक्रीत, सोफे आणि गवत कापायच्या यंत्रांमध्ये. ‘स्पेशालिस्ट सेलमध्येच घ्यावं’ हे करारात लिहून घ्या, तोंडी आश्वासनाला काडीचीही किंमत नाही.

रिझर्व्हबद्दल, म्हणजे ज्याखाली वस्तू विकायची नाही त्या किमतीबद्दल, एकच गोष्ट. ‘डिस्क्रिशनरी रिझर्व्ह’ असं छापलेलं असतं, म्हणजे ठरलेल्या किमतीखाली साधारण दहा टक्क्यांपर्यंत हातोडी पाडायची मुभा. ते खोडा आणि ‘फिक्स्ड’ लिहून दोघांच्या सह्या घ्या. आमच्या जोडीला स्वतंत्र लॉट नव्हताच, त्यामुळे रिझर्व्ह लागणार कशाला? लॉट पाडणं हा पूर्णपणे त्यांचा अधिकार, असं मागच्या पानावर बारीक अक्षरांत होतं.

मग हिशेब. कमिशन साडेसतरा टक्के, ६८९ पौंड ५०. त्यावर व्हॅट १३७.९०. नऊ लॉटचे फोटो प्रत्येकी १२, म्हणजे १०८, वर व्हॅट २१.६०. ज्या फोटोत तळ दिसत नाही त्या फोटोचे हे पैसे! ‘नुकसान संरक्षण’ दीड टक्का, ५९.१०. वाहतूक १६०. आणि शेवटी ‘कंडिशन ॲडजस्टमेंट’ २२०: व्हिएन्नाच्या एका ताटलीला केसाएवढी चीर निघाली, खरेदीदाराला परतावा दिला, तो आमच्यातून कापला. ती ताटली पॅक करताना आम्ही नखानं वाजवून पाहिली होती. अखंड पोर्सिलेन खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. ती खणखणली होती. चीर पडली असेल तर त्यांच्याकडे पडली, आणि त्यासाठीच तर ५९.१० घेतले होते. पण पावतीवर ‘मिश्र चिनीमाती’. सिद्ध काय करणार?

शिवाय खरेदीदाराकडून ते २४ टक्के प्रीमियम आणि त्यावर व्हॅट वेगळा घेतात. १८० च्या लॉटवर ते झाले ५१.८४. आमच्याकडून त्याच लॉटचं कमिशन व्हॅटसह ३७.८०. एवढ्या लहान रकमेसाठी कुणी लबाडी करत नाही, असा त्यांच्या माणसाचा युक्तिवाद होता. लबाडी या रकमेसाठी नव्हतीच, ती २,४०० मधल्या वाट्यासाठी होती.

जोडी तीच होती याबद्दल तिळमात्र शंका नाही. माळणीच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली आहे. माळ्याच्या टोपीची कड जुनी दुरुस्त केलेली, साध्या प्रकाशात कळत नाही, अतिनील टॉर्चखाली वेगळी चमकते. आणि बैठकीच्या तळाला काकांच्या गोल लेबलाचा डिंकाचा डाग, तो नव्या कॅटलॉगच्या मोठ्या फोटोत स्वच्छ दिसतोय. त्याखाली छापलंय: ‘खाजगी इंग्लिश संग्रहातून.’ काकांच्या चाळीस वर्षांच्या मेहनतीचा उपयोग दुसऱ्याचा माल खपवायला!

पोलिसांनी दोन वाक्यं ऐकून ‘ही दिवाणी बाब’ म्हणून वाटेला लावलं. फसवणूक नोंदवायच्या राष्ट्रीय केंद्रानं संदर्भ क्रमांक दिला आणि नंतर ‘तपासाला पुरेसा धागा नाही’ असं पत्र. तारखा, फोटो, दोन कॅटलॉगची पानं शेजारी शेजारी जोडून दिली होती, याहून जाड धागा कुठला असतो? ट्रेडिंग स्टँडर्ड्सशी (व्यापारातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याशी) सामान्य माणसाला सरळ बोलताच येत नाही, ग्राहक हेल्पलाइनमधून जावं लागतं. हेल्पलाइनवरची व्यक्ती म्हणते, तुम्ही विक्रेते, आम्ही ग्राहकांसाठी. अहो, लिलावघराची सेवा आम्ही विकत घेतली, ६८९.५० आणि वर व्हॅट मोजून! २०१५ चा ग्राहक हक्क कायदा म्हणतो की सेवा वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं दिली गेली पाहिजे. हे त्यांना आम्ही वाचून दाखवायचं? व्यावसायिक संघटनेकडे गेलो तर हे लिलावघर सभासदच नाही, सबब अधिकार नाही. आणि सभासद असण्याची सक्तीही नाही, कारण इंग्लंडमध्ये लिलावदार व्हायला परवानाच लागत नाही. खरेदीदार कोण हे विचारलं तर डेटा संरक्षणाचं कारण. म्हणजे आमच्या वस्तूचा दलाल आमच्याच वस्तूचं गिऱ्हाईक आमच्यापासून लपवतो, आणि या सगळ्या कचेऱ्यांना त्यात वावगं काही दिसत नाही.

व्यापाऱ्यांनी संगनमत करून बोली दाबायची आणि नंतर आपसांत खरा लिलाव करायचा, याविरुद्ध इंग्लंडमध्ये १९२७ चा कायदा आहे, १९६९ ची दुरुस्ती आहे. दुरुस्तीनं विक्रेत्याला अशी विक्री रद्द करून घ्यायचा हक्कही दिला. हक्क कागदावर छान दिसतो, पण संगनमताचा पुरावा आणायचा कुठून, खरेदीदाराचं नावच देत नाहीत तर?

कोर्टात जायचं तर एक जुना निकाल आडवा येतो, तो माहीत असू द्या. शिकारी कुत्र्यांची दोन चित्रं गावाकडच्या लिलावात ८४० पौंडांना गेली आणि काही महिन्यांत लंडनला अठराव्या शतकातला नामांकित चित्रकार जॉर्ज स्टब्स याची म्हणून ८८,००० ला. खालच्या कोर्टानं विक्रेत्यांच्या बाजूनं निकाल दिला, अपील कोर्टानं तो फिरवला: गावाकडचा लिलावदार हा जनरल प्रॅक्टिशनरसारखा, म्हणजे साध्या फॅमिली डॉक्टरसारखा, त्याच्याकडून तज्ज्ञाची नजर अपेक्षित नाही. आमच्या बाबतीत ही ढाल चालू नये, कारण ओळख पटवायचं काम काकांच्या कार्डांनी आधीच केलेलं होतं. पण कार्डं हातोहात दिली होती, त्याची पोच नाही. म्हणून खुणांचे फोटो आणि आपल्या मते वस्तू काय आहे हे ईमेलनंच पाठवा, वस्तू उचलायच्या आधी, आणि उत्तर आल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग ‘आम्हाला कळलं नाही’ म्हणायची सोय राहत नाही.

मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतही असा माल आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली टाटांच्या संग्रहातली युरोपियन पोर्सिलेन पाहिलेल्यांना अंदाज येईल. तिथं धोका वेगळा. ‘लंडनला विकून देतो, सामानातून गुपचूप नेतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांची अट घालतो, वस्तू सॅक्सनीत घडली म्हणून ती सुटत नाही, आणि पकडलं गेलं तर गुन्हा तुमच्यावर.

पॅकिंगचं सांगायचं राहिलं. सोनेरी कामावर बबल रॅप थेट लावू नका, फुग्यांचे ठसे उमटतात; आधी आम्लविरहित टिश्यू. पुतळा हाताला किंवा डोक्याला धरून उचलू नका. झाकणं वेगळी बांधा. प्रत्येक वस्तूचा समोरून, मागून, तळाचा आणि अतिनील प्रकाशातला फोटो, तारखेसह.

लिलावघराला नोटीस गेली आहे, दहा हजार पौंडांच्या आतला दावा असल्यानं स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जाणार. मिडलँड्समध्ये (मध्य इंग्लंडमध्ये) गेल्या सहा वर्षांत कुणी चिनीमाती ‘मिश्र लॉट’ म्हणून विकली असेल तर निकालाच्या पानांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. दाव्याची मुदत साधारण सहा वर्षांची असते, पानं त्याच्या कितीतरी आधी गायब होतात. आमच्या लॉटचं पान नोटीस पोचल्यावर काढून टाकलं गेलं, प्रत मात्र आमच्याकडे आहे.