उठबस करणारं टेबल: घेण्याआधी काय मोजावं

दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर जात असतील तर विजेवर वर-खाली होणारं टेबल जरूर घ्यावं, पण वजन उतरेल म्हणून नव्हे. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2018 साली आधीच्या अभ्यासांची एकत्रित छाननी केली. बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला जेमतेम 0.15 किलोकॅलरी जास्त लागतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे सहा तास उभं राहिलं तरी पन्नासच्या आसपास. टेबलाचा खरा फायदा आहे तो हा की हातातलं काम न सोडता आखडलेली पाठ, मान आणि मांड्या मोकळ्या करता येतात. त्यामुळे बसून आणि उभ्यानं, दोन्ही वेळा ते तुमच्या अंगाला बरोबर बसतं का, एवढंच आधी बघायचं.

टेबल किती वर जातं हे सगळे विचारतात. त्रास होतो तो मात्र ते पुरेसं खाली येत नाही म्हणून. खुर्चीत नीट बसा, पावलं जमिनीवर टेकवा, दंड अंगालगत सोडून कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. 155 सेंमी उंचीच्या माणसाचं हे माप साधारण 62 ते 65 सेंमी येतं. पायात दोनच टप्पे (म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या) असलेली बरीच टेबलं 70-72 सेंमीच्या खाली उतरत नाहीत. मग खांदे उचलून टाइप करावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत मानेच्या बुडाशी दुखायला लागतं. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, म्हणून फूटरेस्ट आणावा लागतो. तीन टप्प्यांचे पाय असतील तर टेबल 60-62 पर्यंत येतं. उंची कमी असलेल्यांनी याहून स्वस्तातल्या पर्यायाकडे वळूच नये. आणखी एक मेख आहे: माहितीपत्रकातला आकडा अनेकदा नुसत्या सांगाड्याचा असतो, त्यात फळीची 2.5 सेंमी जाडी धरलेली नसते.

उभ्यानं कोपराचं माप उंचीच्या साधारण 63 टक्के येतं, म्हणजे 180 सेंमीच्या माणसाला 113 सेंमीच्या आसपास. चपला-बूट घालून काम करत असाल तर ते घालूनच मोजा.

एक मोटर की दोन? फळी 120 सेंमीपर्यंत असेल आणि वर एक मॉनिटर, एक लॅपटॉप असेल तर एका मोटरवर काम भागतं. फळी रुंद असेल किंवा जड मॉनिटर एका बाजूला असेल तर दोन मोटरचंच घ्यावं. अशी टेबलं सेकंदाला 35 मिमीच्या आसपास सरकतात, एका मोटरची 25 मिमीच्या. हा फरक किरकोळ वाटतो, पण टेबल संथ असलं की माणूस उठायचा कंटाळा करतो. याच कारणासाठी उंची लक्षात ठेवणारी बटणं हवीतच. रोज बोट दाबून धरून आकडा जुळवावा लागला तर पंधरवड्यात टेबल एकाच उंचीवर थिजतं.

जोडणी करताना दोन ठिकाणी हमखास चुकतं. 18 मिमीच्या फळीला 16 मिमीपेक्षा लांब स्क्रू लावला की टोक वरून बाहेर येऊ शकतं. पार्टिकल बोर्डात तोच स्क्रू दोनतीनदा काढून घातला की भोक सैल होतं. सांगाड्याचे बोल्ट आधी हलकेच लावून, टेबल सपाट करून, मग शेवटी आवळावेत. उलट केलं तर सांगाडा तिरका बसतो आणि उभ्या उंचीवर टाइप करताना मॉनिटर हलतो. थोडी डगडग चांगल्या टेबलालाही असते, पण ती पुढे-मागे असेल तर डोळ्यांना फार जाणवते. दुकानात टेबल तुमच्या उभ्या उंचीवर नेऊन पुढची कड हलवून बघा.

दुसरी चूक वायरींची. मल्टिप्लग फळीच्या खालच्या बाजूला पक्का बसवा, म्हणजे भिंतीकडे एकच वायर जाईल. ती टेबल पूर्ण वर असताना मोजून सैल ठेवा. हे केलं नाही तर टेबल वर जाताना वायर ताणली जाते आणि मॉनिटरचं सॉकेट उखडतं. आडवं काही आलं की टेबल थांबवणारा सेन्सर असतो, पण त्याच्यावर विसंबू नका. खुर्चीचा हात किंवा खालचा ड्रॉवर दबल्यावरच तो जागा होतो.

आता वापराविषयी. पहिल्या आठवड्यात तासातून 15-20 मिनिटं उभं राहणं पुरे. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमधल्या 2015 च्या तज्ज्ञांच्या निवेदनात कामाच्या वेळेत एकूण दोन तास उभं राहणं आणि हलकी हालचाल, इथून सुरुवात करून चार तासांपर्यंत जायला सांगितलं आहे. एका जागी खांबासारखं उभं राहू नका, पायांत रक्त साचून पोटऱ्या जड होतात. दोन सेंमीची कडकसर मॅट आणि एक पाय आलटूनपालटून ठेवायला 10-15 सेंमीचा ठोकळा एवढ्यानं खूप फरक पडतो. फार मऊ मॅटवर घोटे सतत तोल सावरत राहतात आणि लवकर थकतात. शिरा फुगण्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर किती वेळ उभं राहायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

टेबल घेतलं म्हणून चालणं सुटू देऊ नका. कोलंबिया विद्यापीठाच्या 2023 च्या अभ्यासात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्यानं रक्तातली साखर आणि रक्तदाब दोन्ही खाली आले. तेवढं रोज जमत असेल आणि बसायची उंची बरोबर असेल तर या टेबलाचे पैसे आधी चांगल्या खुर्चीवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घेताना मोटर आणि कंट्रोल बॉक्स (मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) यांची वॉरंटी वेगवेगळी विचारा, कारण कंट्रोल बॉक्सची मुदत अनेकदा सांगाड्यापेक्षा कमी असते. टेबल एका बाजूला तिरकं झालं किंवा टेबलाच्या बटणांजवळच्या छोट्या स्क्रीनवर एरर दिसला तर लगेच दुरुस्तीवाला बोलावू नका. बहुतेक मॉडेल्समध्ये खाली नेणारं बटण दाबून टेबल तळाला न्यायचं आणि ते किंचित दबून पुन्हा वर येईपर्यंत बोट सोडायचं नाही, की दोन्ही पाय पुन्हा जुळतात.