चिमुकला फराळ टांगायचाय: पॉलिमर क्ले घ्यावा की घरी शिजवलेला?

तोरणाला, आकाशकंदिलाला किंवा ख्रिसमस ट्रीला टांगायला बोटाच्या पेराएवढी चकली, करंजी, नाताळच्या फराळातली कुलकुल करायची म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक, फिमो किंवा स्कल्पीसारखा विकतचा पॉलिमर क्ले, जो ओव्हनमध्ये भाजून पक्का करायचा असतो. दुसरी, फेव्हिकॉल आणि कॉर्नफ्लोअर थोडं तेल व लिंबाचा रस घालून मंद आचेवर घोटायचं, गोळा कडा सोडू लागला की उतरवून मळायचा. यालाच कोल्ड पोर्सिलेन म्हणतात, हा भाजायचा नसतो, हवेतच वाळवायचा. मातीचा यात फारसा संबंध नाही. पहिलं मुळात पीव्हीसी आहे, दुसरं स्टार्च आणि गोंद, आणि सगळे फरक तिथूनच निघतात.

माझं मत आधीच सांगते. तळणीचे किंवा थरांचे पदार्थ करायचे असतील आणि ते दरवर्षी बाहेर काढायचे असतील, तर पॉलिमर. उकडीचे मोदक करायचे असतील किंवा शाळकरी मुलांना घेऊन बसायचं असेल, तर घरचा.

चकलीचंच बघा. क्ले दाबून तार काढायच्या एक्स्ट्रूडरसोबत बारीक चांदणीची चकतीही मिळते, अगदी सोऱ्यातल्यासारखी. त्यातून निघालेली तार मधून सुरुवात करून गुंडाळायची, शेवटचं टोक दाबायचं आणि सुईच्या टोकाने काटे किंचित उचकटायचे. पॉलिमर क्ले भाजेपर्यंत मऊच राहतो, त्यामुळे एकेका काट्यावर हवा तितका वेळ घालवता येतो. खरी गंमत रंगाची. सॉफ्ट पेस्टलचा खडू पॉलिश पेपरवर घासून पूड करायची. आधी पिवळसर गेरू सगळीकडे, मग तपकिरी पूड कोरड्या ब्रशने फक्त काट्यांच्या माथ्यावर. कच्चा क्ले जरा चिकट असल्याने पूड धरून ठेवतो, आणि उंचवटे जास्त लाल झाले की चकली कढईतून आत्ताच काढल्यासारखी दिसते. घरच्या क्लेवर काही मिनिटांतच साय धरते, वळवताना तार तडकते आणि वाळताना आकसल्यामुळे काटे बोथट होतात.

गोव्याच्या नाताळातली बेबिंका तर मी पॉलिमरशिवाय करणारच नाही. फिकट आणि गडद असे दोन रंग पातळ लाटून आलटून पालटून सात थर रचायचे, वडी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायची आणि पातळ पात्याने एका दाबात कापायची. थर आपोआप स्वच्छ दिसतात. कुलकुल बारीक कंगव्यावर दाबून गुंडाळलं की रेषा उमटतात, तेही पॉलिमरमध्ये झकास होतं.

उकडीच्या मोदकाला मात्र घरचाच क्ले. वाळल्यावर त्याला जी किंचित पारदर्शक झाक येते, ती तांदळाच्या उकडीला चपखल बसते. तो ताणला जातो, म्हणून कळ्या चिमटून पातळ करता येतात. मळताना थोडा पांढरा रंग घाला, नाहीतर वाळल्यावर पिवळट दिसेल. बाकी रंगही हवे त्यापेक्षा फिके घ्या, वाळताना ते गडद होतात.

आता ऋतू. हा मुद्दा आपल्याकडे निर्णायक आहे. घरचा क्ले दिवाळीसाठी ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात छान वाळतो. गणपतीसाठी आषाढ-श्रावणात करायला घेतला तर मुंबई-कोकणाच्या दमट हवेत दिवसेंदिवस ओलसर राहतो, बुरशीही धरते. शिवाय दिवाळीला केलेली वस्तू माळ्यावर पुढचा अख्खा पावसाळा काढते. वॉर्निशचे दोन हात, हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी नसेल तर ती मऊ पडते. नीट भाजलेल्या पॉलिमरला पाण्याचं भय नाही.

पण भाजणं नीट व्हायला हवं. फिमोला ११० अंश सेल्सिअस, स्कल्पीच्या प्रीमोला १३० अंशांच्या आसपास, साधारण ३० मिनिटं. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत ओव्हन थर्मामीटर ठेवा आणि वस्तूंवर फॉइल झाका. मायक्रोवेव्ह मोड चालत नाही, कन्व्हेक्शन चालतो. करपला तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा, घातक धूर निघतो. लगेच ओव्हन बंद करून खिडक्या उघडा. ट्रे, लाटणं, पातं हे सगळं वेगळंच ठेवा, पुन्हा स्वयंपाकात आणू नका. घरात ओव्हन नसेल तर घरचाच क्ले घ्या, तव्यावर वगैरे पॉलिमर भाजायच्या फंदात पडू नका.

खर्चात घरचा क्ले सरळ जिंकतो. फिमोची ५७ ग्रॅमची वडी तुलनेने महागच, आणि चार-पाच रंग तरी लागतात. तरी वस्तू इवल्या असल्याने एक वडी बरीच पुरते. लाडू मोठा करायचा असेल तर आत फॉइलचा घट्ट गोळा घाला: क्ले वाचतो, वजनही कमी होतं.

टांगायची कडी दोन्हींत क्ले कच्चा असतानाच खोचा. घरच्या क्लेत साधी लोखंडी तार गंजून डाग सोडते, तिथे पितळी किंवा स्टीलची घ्या. पॉलिमरवर चकाकीसाठी नेलपॉलिश लावू नका, काही दिवसांनी ते चिकट होतं. पाण्यातलं वॉर्निश लावा. आणि दोन्हींपैकी काहीही केलंत तरी तोरण लहानग्यांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर बांधा, कारण बेसनाचा लाडू नीट जमला असेल तर ते तो तोंडात घालणारच.