पुश-पुल आणि ऑल-पुल पेडल स्टील : काही महिने दोन्ही वाजवल्यावर

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची गिटार; पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या लिव्हरांनी तिच्या तारांचे सूर चढवता-उतरवता येतात. हे सूर बदलणाऱ्या यंत्रणेचे पुश-पुल आणि ऑल-पुल हे दोन प्रकार. सत्तरच्या दशकातली एक पुश-पुल आणि अलीकडच्या बांधणीची एक ऑल-पुल, अशा दोन पेडल स्टील गेले काही महिने मी आलटूनपालटून वाजवतो आहे. दोन्ही दहा तारांच्या, ई नाइन्थ या नेहमीच्या स्वरजुळणीत लावलेल्या, तीन पेडलांच्या. तारांचा संच, बार, व्हॉल्यूम पेडल आणि अ‍ॅम्प दोन्हींना तेच ठेवले. जुन्या वाद्याच्या आवाजाचं जे कौतुक होतं, त्यातला बराच वाटा पिकअपचा आणि अ‍ॅम्पचा असतो; म्हणून निदान बाकीच्या गोष्टी तरी सारख्या हव्यात.

एवढं करूनही फरक उरतोच. जुन्या गिटारीवर तार छेडल्याक्षणी स्वराला स्पष्ट धार येते आणि मागून भरीव आस मिळते. बाराव्या फ्रेटच्या खुणेपलीकडे गेलं की हे जास्त जाणवतं. नवीवर तिथे स्वर किंचित बारीक होतो, जुनीवर अंग टिकून राहतं. संथ गाण्यात एकच स्वर लांबवायचा असेल तर माझा हात आपोआप जुनीकडे जातो.

याचं श्रेय लाकडाच्या वयाला द्यायला मी तयार नाही. मला कारण चेंजरमध्ये, म्हणजे तारांचे सूर बदलणाऱ्या यंत्रात, दिसतं. पेडल स्टील वादक बडी एमन्स आणि त्याचा भागीदार रॉन लॅशली यांच्या एमन्स कंपनीने साठच्या दशकात पुश-पुल रचना आणली. तिच्यात पेडल मोकळं असताना तारेखालचं फिंगर (तार ज्यावरून जाते तो हलणारा धातूचा तुकडा) पक्क्या आधाराला घट्ट टेकून बसतं. ऑल-पुलमध्ये तार चढवणारा भाग आणि उतरवणारा भाग रिव्हेटने जोडलेले असतात, आणि उतरवणारा भाग स्प्रिंगच्या जोरावर जागेवर राहतो. तारेची कंपनं ज्या वाटेने खोडात, म्हणजे वाद्याच्या मुख्य अंगात, उतरतात, त्या वाटेवर इथे सांधे जास्त. माझ्या कानाला ऐकू येतो तो फरक याच सांध्यांचा असावा.

आता सुराचं. पेडल स्टीलवर सूर लावणं हे अर्धं वादन आहे, आणि इथे नवी गिटार सरळ पुढे जाते. चौथी तार एका लिव्हरने ई वरून एफवर चढते आणि दुसऱ्याने ई-फ्लॅटवर उतरते. लिव्हर सोडल्यावर ती नेमकी मूळ ईवर परत यायला हवी. नवीवर ती येते. जुनीवर चढवून सोडलं आणि उतरवून सोडलं, की दोन वेळच्या ईमध्ये बारीकसा फरक राहतो. जलद वादनात तो निसटून जातो, पण लांब स्वरावर कानाला टोचतो. पेडल दाबल्यावर खोड वाकून बाकीच्या तारा उतरतात, तो दोष मात्र दोन्हींत जेमतेम आहे. ए आणि बी अशी नावं असलेली दोन पेडलं एकत्र दाबली की ट्यूनरवर चौथी तार दोन-तीन सेंट (अर्ध्या स्वराचे शंभरावे भाग) खाली दिसते, इतकंच.

दुसरी मोठी गोष्ट स्प्लिटची, म्हणजे चढवणं आणि उतरवणं एकत्र करून मधला सूर मिळवण्याची. ए पेडल पाचवी तार बी वरून सी-शार्पवर नेतं, एक लिव्हर तीच तार बी-फ्लॅटवर उतरवतो, आणि दोन्ही एकदम दाबले की मधला सी मिळायला हवा. ऑल-पुलवर एक जादा स्क्रू किंवा रॉड बसवून तो सी अचूक लावता येतो. पुश-पुलवर हेच साधायला खूप खटपट लागते, आणि एका तारेचा एक बदल हलवला की त्याच तारेचा दुसरा बिघडतो. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण हे वाद्य वाढलंच मुळी बदल सुटे करत करत. १९५४ मध्ये गाजलेल्या ‘स्लोली’ या वेब पिअर्सच्या कंट्री गाण्यात स्टील वादक बड आयझॅक्सने एकाच पेडलने दोन सूर एकत्र चढवले. पुढे बडी एमन्सने तेच काम दोन पेडलांत वाटलं. आजचा ए आणि बी तिथूनच आला. जुनं तेच अस्सल असं मानणाऱ्यांनी हा प्रवास जरूर ध्यानात घ्यावा.

तारा तुटण्याचा अनुभव दोन्हींवर सारखाच. तिसरी तार बहुधा ०.०११ इंच जाडीची असते. तारेची वाजणारी लांबी चोवीस इंच असलेल्या गिटारीवर जी-शार्पला तिच्यावर साडेबारा किलोच्या आसपास ताण असतो, आणि तिला ए वर चढवणारं बी पेडल तो चौदाच्या घरात नेतं. फिंगरच्या माथ्यावर तारेने पाडलेली खाच असेल तर ती आणखी लवकर तुटते. जुनी गिटार घेताना हा माथा बोटाने चाचपून बघाच. मग गिटार उलटी करून खालचे ओतीव भाग तपासा. त्या काळच्या काही गिटारींत ते ठिसूळ धातूचे आहेत आणि तडकतात. वजनाने जुनी जड आहे. तिच्या सिंगल-कॉइल पिकअपची घरघरही जास्त येते, पण वाजवायला लागलं की ती मला त्रास देत नाही.

पहिलीच पेडल स्टील घेणाऱ्याने नवी ऑल-पुल घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सूर कुठे चुकतो आहे, हातात की यंत्रात, हे शिकणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि जुन्या गिटारीवर ते कळायला वर्षं जातात. हात बसल्यावर, चांगली जुळवलेली पुश-पुल मिळाली तर अवश्य घ्या, पण तिच्यावर नवे बदल लादू नका. माझ्या जुनीवर चार लिव्हर आहेत. पाचवा बसवायचा बेत मी सोडून दिला आहे. ते सूर मी नवीवर वाजवतो.