बत्तीस ठेवायचं की बावीस?
२०१९ च्या कायदादुरुस्तीपासून परवान्यावर दोनच हत्यारं. आजोबांची बाराबोअर बंदूक तर कोल्हापूरकर सोडत नसतोय! मग उरलेल्या जागेवर .३२ रिव्हॉल्व्हर की .२२ पिस्तूल?

बत्तीसचा रुबाब मोठा, पण काडतुसं महाग, त्यामुळे सराव होत नाही. शिवाय रिव्हॉल्व्हरचं लांब काडतूस .३२ पिस्तुलात बसत नाही. नळीच्या मापाचा (बोअरचा) आकडा तोच, माल वेगळा. बावीसचं एखादं काडतूस फुसकं निघतं, हे मान्य. पण झटका नगण्य, आणि आपल्या नेमबाज राही सरनोबतनं २०१८ चं आशियाई सुवर्ण २५ मीटरला याच बोअरवर मारलं. रेंजवर जाणार असशील तर बत्तीस जमा कर. नुसतं कपाटातच ठेवणार? मग भावा, दोन्ही देऊन टाक की.